पॉइपेट: दोन चौक्यांच्या मधला जुगार

बँकॉकहून पहाटे सुटणारी तिसऱ्या वर्गाची पॅसेंजर दुपारच्या सुमारास अरण्यप्रथेत या सरहद्दीवरच्या गावात पोचते. २०१८ च्या जानेवारीत अंकोरवाट बघायला मी या रस्त्याने गेलो. टुकटुकने चौकीपर्यंत आलो, थायलंडबाहेर पडल्याचा शिक्का घेतला आणि ओढ्यावरचा छोटा पूल ओलांडला. समोर अंकोरच्या शिखरांसारखी घडवलेली कमान होती. कमानीच्या पुढे लगेच दोन्ही अंगांना कॅसिनोंच्या उंच इमारती सुरू झाल्या. कंबोडियाची प्रवेशचौकी त्यांच्या पलीकडे होती. म्हणजे थायलंड मी सोडलेला होता आणि कंबोडियात कागदोपत्री अजून शिरलेलो नव्हतो. या दोन शिक्क्यांमधल्या काही शे मीटरच्या पट्ट्यात पॉइपेट या कंबोडियन गावाचा सगळा धंदा उभा होता.

उन्हातून आत गेलो तर थंडगार दिवाणखाना आणि सिगारेटचा वास. पाट्या थाई लिपीत, टेबलावरच्या पैजेच्या मर्यादा थाई चलनात म्हणजे बाटमध्ये, कॅन्टीनमध्ये थाई जेवण. पत्ते वाटणारी मुलगी मात्र कंबोडियन होती. ती थाई भाषेत आकडे म्हणत होती. टेबलाभोवती बहुतेक पन्नाशी-साठीच्या थाई बायका बसलेल्या, आणि प्रत्येकीच्या हातात आधीच्या डावांच्या निकालांची लाल-निळ्या गोलांनी भरलेली चिठ्ठी. या बायकांना त्यांच्या देशात असं टेबल मांडणं गुन्हा आहे. त्या मुलीला तिच्याच देशात या टेबलावर पैसे लावायला बंदी आहे. तिने फक्त वाटायचं, त्यांनी फक्त इथेच खेळायचं. आग्नेय आशियातला कॅसिनोचा कायदा मला समजला तो या एका टेबलावर, आणि म्हणूनच अभ्यासासाठी हे प्रकरण निवडलं आहे.

एका बाजूचा कायदा

थायलंडमध्ये जुगाराचा अधिनियम १९३५ सालचा आहे. त्याआधीचा इतिहास अगदी उलटा होता. एकोणिसाव्या शतकात सयामच्या, म्हणजे तेव्हाच्या थायलंडच्या, तिजोरीला जुगारघरांच्या मक्त्यांमधून मोठं उत्पन्न मिळायचं. राजा चुलालोंगकोर्न यांनी ही घरं टप्प्याटप्प्याने कमी करत आणली आणि १९१७ मध्ये शेवटची बंद झाली. आज तिथे कायदेशीर आहेत त्या गोष्टी मोजक्याच, त्यातल्या मुख्य म्हणजे सरकारी लॉटरी आणि घोड्यांच्या शर्यती. लॉटरी दर महिन्याच्या १ आणि १६ तारखेला निघते, आणि तिच्याच आकड्यांवर चालणारी चोरटी लॉटरी गल्लोगल्ली आहे. आपल्याकडे ज्यांनी मटका पाहिला आहे त्यांना ही रचना वेगळी समजावून सांगायला नको.

कायदा किती कडक वाचला जाऊ शकतो हे २०१६ च्या फेब्रुवारीत पट्टायात दिसलं. ब्रिज खेळणाऱ्या एका क्लबवर धाड पडली आणि ३२ वयस्कर परदेशी लोकांना चौकीत नेलं. त्यांत ८४ वर्षांच्या एक डच बाईही होत्या. टेबलावर पैसे नव्हते. पण १९३५ च्याच पत्त्यांच्या कायद्यानुसार परवानगीशिवाय १२० पेक्षा जास्त पत्ते जवळ बाळगता येत नाहीत, आणि क्लबमध्ये त्याहून जास्त पत्ते होते.

आता यातली मेख बघा. हा कायदा थायलंडच्या हद्दीतल्या जुगाराला लागू होतो. पूल ओलांडून खेळून परत आलेल्या थाई माणसाने मायदेशात कुठलाही गुन्हा केलेला नसतो. १२० पत्त्यांवर बोट ठेवणारं राज्य रोज हजारो माणसांच्या पासपोर्टवर शिक्के मारून त्यांना बॅकरा या पत्त्यांच्या जुगाराच्या टेबलाकडे सोडत होतं. बँकॉकच्या लुंपिनी बागेजवळून कॅसिनोच्या गाड्या उघडपणे भरून निघायच्या. हे कोणाला माहीत नव्हतं असं म्हणायला जागा नाही.

दुसऱ्या बाजूचा कायदा

कंबोडियात १९९६ मध्ये जुगारविरोधी कायदा झाला आणि कंबोडियन नागरिकाला कॅसिनोत खेळायला मनाई आहे. परवाने दिले जातात ते परदेशी गिऱ्हाइकासाठी. राजधानी नॉम पेन्हमध्ये एकाच कंपनीचं, नागावर्ल्ड चालवणाऱ्या नागाकॉर्पचं, राज्य आहे. राजधानीपासून २०० किलोमीटरच्या परिघात, काही ठिकाणं वगळून, तिला मक्तेदारी मिळालेली आहे आणि ती मुदत वाढून २०४५ पर्यंत गेली आहे. मग इतरांनी कॅसिनो काढायचे कुठे? साहजिकच सरहद्दीवर. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून थायलंडच्या अंगाला पॉइपेट आणि व्हिएतनामच्या अंगाला बावेत ही दोन गावं अशी फुगत गेली. दोन्ही गावांचं गिऱ्हाईक कुंपणापलीकडचं.

२०२० च्या नोव्हेंबरपर्यंत या धंद्याला नीट कायदाच नव्हता. परवाना, वाटाघाटीने ठरलेली रक्कम आणि वरच्यांशी असलेले संबंध यांवर गाडी चालायची. नव्या कायद्याने एक नियामक आयोग आणला आणि जुगाराच्या एकूण मिळकतीवर (लावलेल्या पैशांतून जिंकणाऱ्यांना दिलेले वजा करून) कर ठरवला: सर्वसाधारण खेळाडूंच्या टेबलावर ७ टक्के, बड्या खेळाडूंच्या दालनात ४ टक्के. सिंगापूरसारख्या ठिकाणच्या दरांशी तुलना केली तर हे दर फारच थोडे आहेत. मला यात कंबोडियाची अडचणही दिसते. युद्धातून आणि नरसंहारातून बाहेर पडलेल्या देशाच्या कोपऱ्यातलं हे गाव. तिथल्या मुलामुलींना पलीकडच्या थायलंडमधल्या रोंग क्लुआ बाजारासाठी हातगाड्या ओढणं किंवा पत्ते वाटणं एवढेच मार्ग समोर दिसत होते. मी पूल ओलांडत असताना माणसाच्या दुप्पट उंचीचा जुन्या कपड्यांचा ढीग लादलेली लाकडी गाडी समोरून येत होती. ओढणारा अनवाणी होता आणि मागून ढकलणारी बहुधा त्याची बायको असावी. कॅसिनोतली नोकरी त्याच्या मुलीला मिळाली तर त्याने ती नाकारावी असं मी कोणत्या तोंडाने म्हणणार?

पैसा कसा जातो

पॉइपेटचा मुख्य खेळ बॅकरा. खेळाडूला काहीच ठरवायचं नसतं. 'बँकर' किंवा 'प्लेयर' यांपैकी एका बाजूवर पैसे लावायचे आणि पत्ते उघडायची वाट बघायची. बँकरची बाजू जिंकली की घर, म्हणजे कॅसिनो, ५ टक्के कमिशन कापतं. ते धरून बँकरच्या बाजूवर घराचा वाटा १.०६ टक्के पडतो, प्लेयरच्या बाजूवर १.२४ टक्के, आणि बरोबरीवर पैसे लावणाऱ्याकडून मात्र १४ टक्क्यांच्या वर. सव्वा टक्का म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण हिशेब करून बघा. तासाला साठ डाव, प्रत्येक डावावर हजार बाट, म्हणजे तासाला साठ हजार बाट टेबलावरून फिरतात आणि सरासरीने साडेसहाशे ते साडेसातशे बाट घराकडे राहतात. एक बाट म्हणजे साधारण अडीच ते तीन रुपये. आठ तास बसलेल्या बाईने सरासरीने पाच-सहा हजार बाट गमावलेले असतात. कोणी फसवलं नाही, पत्त्यांना खुणा नव्हत्या, तरी ते गेलेले असतात. प्रत्यक्षात कोणी सरासरीवर थांबत नाही. हरलेला भरून काढायला बसतो आणि जिंकलेला वाढवायला बसतो. त्या बायका ज्या लाल-निळ्या गोलांत वळण शोधत होत्या, त्यांचा पुढच्या पत्त्याशी काडीचाही संबंध नसतो. मला तिथे उभं राहून हे कोणाला तरी सांगावंसं वाटलं होतं, आणि माझ्याकडे भाषा नव्हती.

उधारीचा भाग याहून गंभीर आहे. थाई दिवाणी संहितेच्या कलम ८५३ नुसार जुगारातून कुठलंही देणं निर्माण होत नाही. आपल्या करार कायद्याचं कलम ३० हेच सांगतं, पैजेचा करार निरर्थक. हेतू चांगला आहे, जुगाऱ्याच्या घरावर कोर्टाची जप्ती येऊ नये. पण पॉइपेटमध्ये त्याचा परिणाम उलटा झाला. पैसे वसूल करायला थाई कोर्टाचा दरवाजा नाही हे सावकाराला आधीच ठाऊक असतं. मग तो माणसालाच तारण ठेवतो. घरून पैसे येईपर्यंत खोलीत डांबून ठेवलेल्या थाई जुगाऱ्यांच्या बातम्या थाई वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षं येत राहिल्या. घरच्यांनी थाई पोलिसांकडे जावं तर घटना परदेशात. कंबोडियन पोलिसांकडे जावं तर भाषा, अंतर, आणि समोर गावातला सगळ्यात मोठा धंदा.

व्यक्तीचीच ही गत होते असंही नाही. शेअर बाजारात नोंदलेल्या डोनाको या ऑस्ट्रेलियन कंपनीने २०१५ मध्ये पॉइपेटमधला स्टार वेगास हा कॅसिनो ३६ कोटी अमेरिकन डॉलरला विकत घेतला. काही वर्षांत कंपनीने तक्रार केली की विकणाऱ्यांनी स्पर्धा न करण्याचा करार मोडून शेजारीच आपले कॅसिनो थाटले. लवाद, दावे असं करत वर्षं गेली आणि शेवटी तडजोड झाली. ज्यांच्याकडे मोठ्या वकिलांची फौज होती त्यांनाही त्या पट्ट्यात करार पाळून घेताना एवढं झगडावं लागलं.

२८ डिसेंबर २०२२ ची रात्र

ग्रँड डायमंड सिटी हा थाई चौकीपासून हाकेच्या अंतरावरचा हॉटेल-कॅसिनो. त्या रात्री बाराच्या आधी तिथे आग लागली आणि दुसऱ्या दिवशीही धुमसत राहिली. प्राथमिक तपासात नववर्षाच्या रोषणाईमुळे विजेवर जादा भार पडल्याचं सांगितलं गेलं. धुरामुळे माणसं खिडक्यांच्या अरुंद कठड्यांवर येऊन उभी राहिली. काहींनी वरून उड्या घेतल्या. थायलंडमधून अग्निशामक गाड्या आणि बचाव पथकं पूल ओलांडून गेली आणि जखमींना सा केओ प्रांतातल्या दवाखान्यांत आणलं गेलं. किमान २६ माणसं मेली. त्यांत थाई होते, कंबोडियन होते, इतर देशांचेही होते.

या प्रकरणात मी सगळ्यात जास्त वेळ या रात्रीवर थांबतो. बंदीमागची भूमिका आपल्या नागरिकांना वाचवायची होती. प्रत्यक्षात थाई नागरिक जिथे थाई अग्निसुरक्षेचा नियम लागू नाही, थाई निरीक्षक पाय ठेवू शकत नाही, अशा इमारतीत जाऊन बसले होते. थायलंडने जुगार थांबवला नव्हता, फक्त त्याची जागा बदलली होती. आणि जागा बदलताना माणसाच्या अंगावरचं कायद्याचं छत्र काढून घेतलं होतं. आग लागल्यावर मात्र पाण्याचे बंब थायलंडचेच धावले.

शेजाऱ्यांनी काय केलं

सिंगापूरने २००६ मध्ये कॅसिनोचा कायदा केला आणि २०१० मध्ये रिसॉर्ट्स वर्ल्ड सेंटोसा आणि मरीना बे सँड्स असे दोनच कॅसिनो उघडले. परदेशी पाहुण्याला प्रवेश मोफत, पण सिंगापूरच्या नागरिकाला आणि कायम रहिवाशाला दिवसाला १०० सिंगापूर डॉलर. २०१९ पासून ते १५० झाले, वर्षाचे ३,०००. यापेक्षा महत्त्वाची सोय म्हणजे घरचा माणूस अर्ज करून जुगाराच्या आहारी गेलेल्या नातेवाइकाला कॅसिनोच्या दारावरच अडवायला लावू शकतो. ओळखपत्र लावलं की दार उघडत नाही.

व्हिएतनामने बराच काळ आपल्या लोकांना कॅसिनो बंदच ठेवले. मग २०१७ च्या हुकमाने प्रयोग म्हणून दार किलकिलं केलं: वय २१ च्या वर, महिन्याचं उत्पन्न किमान १ कोटी डोंग, आणि २४ तासांच्या प्रवेशाला १० लाख डोंग. २०१९ मध्ये फु क्वोक बेटावर हा प्रयोग सुरू झाला. आपली माणसं बावेतला जाऊन पैसे घालवतात, ते निदान घरात राहावेत हा हिशेब त्यामागे उघड होता. मलेशियात गेंटिंगच्या डोंगरावर परवान्याचा कॅसिनो आहे आणि मुस्लिमांना तिथे मनाई. लाओसमध्ये सुवर्ण त्रिकोणाच्या विशेष आर्थिक क्षेत्रात मेकाँगच्या काठावर थायलंडकडे तोंड करून उभा असलेला कॅसिनो आहे. त्याच्या चालकांवर अमेरिकेच्या अर्थखात्याने २०१८ मध्ये निर्बंध घातले. इंडोनेशियात पूर्ण बंदी.

नकाशावर या सगळ्या देशांचे कायदे एकमेकांना विरोधी दिसतात. माझ्या मते ते एकमेकांना धरून आहेत. थायलंडची बंदी हेच पॉइपेटचं भांडवल. बँकॉकमध्ये एक जरी कायदेशीर कॅसिनो असता, तरी चार तास गाडीत बसून ओढ्याकाठच्या गावात कोण गेलं असतं?

आपल्याला हे परकं नाही. महाराष्ट्रात १९७६ साली कॅसिनोचा कायदा झाला, तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. गोव्यात मांडवी नदीवरची कॅसिनोची जहाजं मात्र भरतात आणि त्यात आपल्याकडच्या गाड्यांचा वाटा किती हे गोव्याच्या हद्दीवरच्या बांद्याच्या नाक्यावर शनिवारी उभं राहिलं तरी कळतं. गोव्याने २०२० च्या फेब्रुवारीपासून आपल्या लोकांना कॅसिनोत जायला बंदी केली. आपला माणूस वाचवा, शेजाऱ्याचा चालेल, हीच ती रीत. फरक एवढाच की पणजीत महाराष्ट्राच्या माणसाला निदान एकाच देशाचं कोर्ट आणि एकच दंडसंहिता मिळते.

टेबलावरून संगणकाकडे

पॉइपेटच्या इमारतींत नुसते पत्ते राहिले नाहीत. ऑनलाइन जुगाराचे परवाने कंबोडियाने २०१९ च्या ऑगस्टमध्ये थांबवले आणि त्या वर्षअखेर ते बंद केले. त्यानंतर कोविडच्या महासाथीत सरहद्द बंद झाली. गिऱ्हाईक नाही, खोल्या रिकाम्या, इंटरनेटच्या तारा तयार, आणि विचारणारं कोणी नाही. अशा जागी सायबर फसवणुकीचे अड्डे बसायला वेळ लागला नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत पॉइपेटमधल्या एका धाडीत दोनशेहून जास्त परदेशी लोक सापडले, त्यांत निम्मे थाई.

इथे आपली माणसं थेट या गोष्टीत येतात. डेटा एन्ट्रीची नोकरी म्हणून कंबोडियात नेलेल्या आणि तिथे लोकांना फोनवरून गंडवायच्या कामाला जुंपलेल्या भारतीयांपैकी सुमारे २५० जणांना सोडवून आणल्याचं भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने २०२४ च्या मार्चमध्ये सांगितलं. पुढच्या वर्षी मार्चमध्ये म्यानमार सरहद्दीवरच्या अशाच अड्ड्यांतून सुटलेल्या ५४९ भारतीयांना थायलंडच्या माए सोतहून वायुदलाच्या दोन विमानांनी परत आणलं. बँकॉकचं तिकीट पाठवणाऱ्या आणि पुढे 'गाडीने सरहद्दीजवळच्या ऑफिसला' नेऊ म्हणणाऱ्या एजंटाला हो म्हणण्याआधी घरात कोणाला तरी हे आकडे दाखवा.

२०२५

थायलंडमध्ये पैतोंगतार्न शिनावात्रा यांच्या सरकारने मोठ्या मनोरंजन संकुलांत कॅसिनोला परवानगी देण्याचं विधेयक आणलं. २०२५ च्या जानेवारीत मंत्रिमंडळाने त्याला तत्त्वतः मान्यता दिली. मसुद्याच्या एका टप्प्यावर थाई नागरिकाला आत जायचं तर बँकेत ५ कोटी बाटची ठेव हवी अशी अट होती. लुंपिनीच्या गाडीत बसणाऱ्या बाईसाठी ही अट म्हणजे पुन्हा पॉइपेटच. माझा आक्षेप इथे आहे. कॅसिनो उघडावा की उघडू नये यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. पण पैसेवाल्यांना घरात आणि बाकीच्यांना पुलापलीकडे, या रचनेत ज्याच्यासाठी मुळात काळजी करायची तोच पुन्हा छत्राबाहेर राहतो.

मे महिन्याच्या अखेरीस सरहद्दीवर चकमक झाली आणि एक कंबोडियन सैनिक मेला. जूनमध्ये आधी चौक्यांच्या वेळा कमी झाल्या, मग २३ जूनला थायलंडने सरहद्दीचे दरवाजे प्रवाशांना बंद केले. ९ जुलैला कॅसिनोचं विधेयक संसदेतून मागे घेतलं गेलं. २४ जुलैपासून पाच दिवस तोफा चालल्या. ऑगस्टअखेर पंतप्रधान पैतोंगतार्न यांना घटनात्मक न्यायालयाने पदावरून दूर केलं. डिसेंबरमध्ये लढाई पुन्हा पेटली तेव्हा थाई विमानांनी पॉइपेटजवळ बॉम्ब टाकल्याचं कंबोडियाने सांगितलं. कंबोडियानेही आपल्या बाजूचे दरवाजे लावून घेतले होते, आणि पाच ते सहा हजार थाई नागरिक पॉइपेटमध्ये अडकून पडल्याचं थाई गृहमंत्रालयाने जाहीर केलं.

करता आलं असतं असं काही

या प्रकरणाचा अभ्यास करताना मी एकच गोष्ट शोधत राहिलो: त्या टेबलावरच्या बाईच्या मुलीने जायचं कुठे? सिंगापूरमध्ये तिला एक अर्ज भरता आला असता. बँकॉकमध्ये असं कार्यालय नाही, कारण तिथे कॅसिनोच नाहीत. पॉइपेटमध्ये थाई कुटुंबाचं ऐकून घेणारी खिडकी नाही, कारण ते परदेशी आहेत. बंदी उठवायची नसेल तर न उठवता करता येण्यासारखं काम हे होतं. दोन्ही सरकारांनी मिळून एक नोंदवही ठेवायची. घरच्यांनी किंवा जुगाऱ्याने स्वतः नाव दिलं की त्याचं ओळखपत्र कॅसिनोच्या दारावर चालणार नाही. उधारीवर खेळू द्यायचं नाही. आणि डांबून ठेवल्याची तक्रार आली तर दोन्ही बाजूंचे पोलीस एकाच दिवशी त्या खोलीच्या दारात उभे राहतील एवढा लेखी करार. थाई चौकीवर प्रत्येक माणूस ओळखीचे कागद दाखवूनच पलीकडे जात होता, त्यामुळे नोंदवहीसाठी लागणारी माहिती त्याच खिडकीवर रोज गोळा होत होती.

२०२५ मध्ये दरवाजे बंद झाल्यावर लुंपिनीच्या त्या गाड्यांना जायला वाट उरली नाही. त्यातल्या बायका आता फोनवर खेळत असतील, तर समोर पत्ते वाटणारी मुलगी नेमक्या कोणत्या देशातल्या खोलीत बसली आहे हे त्यांना कळायची सोय नाही.